पाखाडी चढताना

मे महिना संपत आला की राजापूर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या गावी या. एसटी तुम्हाला वर सड्यावरच्या फाट्यावर सोडेल. तिथे न थांबता आधी सरळ खाली पुळणीवर उतरा, चपला हातात घ्या आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहा. होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या आहेत, वारा नैर्ऋत्येचा आहे, घामाने कपडे अंगाला चिकटले आहेत. समोर सगळं कोकण एका चढणीवर मांडलेलं दिसतं. आधी सुरूचं बन. त्यामागे माडापोफळींच्या वाड्या आणि त्यांत बुडालेली कौलं. त्यावर हापूस आणि काजूच्या बागा. आणि सगळ्यांच्या माथ्यावर, एसटीने तुम्हाला सोडलं तिथे, काळपट, तापलेला, झाडाविना पसरलेला सडा.

कोकण म्हटलं की मनात जे उभं राहतं ते या चढणीच्या खालच्या तीन टप्प्यांवरचं. सडा त्यात नसतो. त्याचे फोटो कोणी काढत नाही. मला तुम्हाला तिथेच न्यायचं आहे, पण आल्या वाटेने नाही. पुळणीपासून सड्यापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी जाते. आज तिच्या प्रत्येक वळणावर तुम्ही काळात मागे जाल. ऋतू बदलेल, माणसं बदलतील, आणि जे झाड त्या काळी या किनाऱ्यावर पोचलेलं नव्हतं ते तुमच्या डोळ्यांदेखत जागा रिकामी करेल.

पहिल्या वळणावर १९७० साल आहे. फारसं काही हललेलं वाटणार नाही, पण वर बघा, बागा आक्रसल्या आहेत. रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना १९९० साली आली आणि त्यानंतर आंबा-काजूची कलमं डोंगर चढून सड्याला भिडली. ती सगळी गेली. सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला लागलेली ऑस्ट्रेलियन बाभूळही गेली. त्या जागी करवंदांच्या जाळ्या आहेत, तोरणं आहेत, आणि बांधावर रातांब्याची झाडं लाल फळांनी लगडलेली आहेत. दोन मूठ करवंदं तोंडात टाका, चिकट ओठ पुसा आणि चढा.

दुसरं वळण १८६७ सालचं. जानेवारीतली रात्र आहे, थंडी अंगाला झोंबते आहे. आता खाली वळून बघा. सुरू नाही. ज्या झाडाशिवाय कोकणातला किनारा आपल्याला ओळखूही येणार नाही, ते मलेशिया-ऑस्ट्रेलियाकडचं झाड १८६८ साली कारवारच्या किनाऱ्यावर लावलं गेलं आणि तिथून पसरलं. तुम्ही त्याच्या एक वर्ष आधी उभे आहात. पुळण मोकळी आहे आणि आहे त्याच्या दुप्पट रुंद वाटते. भरतीच्या रेषेवर मर्यादवेल पसरली आहे. तिच्या मागे केवड्याचं काटेरी बेट, मग निगडी, मग उंडीची मोठी, काळोखी झाडं. घरांत दिवा जळतो तो या उंडीच्या बियांच्या तेलाचा. त्याचा कडवट वास पाखाडीपर्यंत येतो. खाली सगळ्या गावात मिळून चार-पाच ठिपके उजेड आहे. समुद्रावर एकही नाही.

थोडं थांबा. पाण्यातून एक काळा दगड बाहेर सरकतो आहे. ती ऑलिव्ह रिडलेची मादी आहे. पुढच्या वल्ह्यांनी वाळू रेटत ती मर्यादवेलीच्या कडेपर्यंत येते, मागच्या पायांनी खड्डा करते, आणि इतक्या बारकाईने करते की कडेची वाळू आत ढासळत नाही. शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते, पोटाने आपटून वर वाळू दाबते आणि मागे न बघता परत जाते. केवड्याआड कोल्हा हे सगळं बघत बसलेला आहे. उजाडल्यावर माणसंही टोपली घेऊन येतील. त्या काळी कासव राखायला कोणी नाही, पण अंडी घालायला तिला हवी तशी भुसभुशीत, उघडी, मुळांच्या जाळ्याविना वाळू मैलोन् मैल आहे. तुमच्या काळात वेळासच्या लोकांनी २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली आणि कोल्ह्याची व माणसाची भीती पुष्कळ कमी केली. वाळू मात्र सुरूच्या सुयांखाली आणि मुळांखाली आखडत गेली. किनारा वाचवायला म्हणून लावलेल्या झाडाने किनाऱ्यावर अंडी घालणारीची जागा घ्यावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट इथे आहे. तुमच्या काळात पावलागणिक लागणारी रानमोडी या डोंगरात कुठेच नाही. अमेरिकेतली ही वनस्पती अजून कोकणात उतरलेली नाही. म्हणून उतारावर वारा गवतातून येतो आणि गवताचा वास घेऊन येतो. हा वास तुमच्या ओळखीचा नसेल.

तिसऱ्या वळणावर कुऱ्हाडींचा आवाज आहे. साल १७१५ च्या आसपासचं. खाडीच्या तोंडाशी गलबताचा सांगाडा उभा आहे आणि डोंगरातून सागाचे सोट ओढून आणले जात आहेत. बारा-पंधरा माणसं एका सोटाला जुंपलेली, पायांखाली केळीची सोपटं टाकलेली, म्हणजे लाकूड घसरावं. साग इथलाच. पुढच्या शतकात मुंबईच्या गोदीत पश्चिम घाटातलाच साग जातो आणि वाडिया मंडळी त्यातून इंग्रजांच्या युद्धनौका बांधतात. १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमली’ ही नौका तुमच्या काळातही इंग्लंडात तरंगते आहे, मलबारच्या सागावर. आणि १८४७ साली मुंबई इलाख्याला अलेक्झांडर गिब्सन हा पहिला वनसंरक्षक नेमावा लागतो, कारण साग हाताशी उरलेला नसतो.

पण आज, या वळणावर, एक झाड वाचतं आहे. सुतारांचा म्होरक्या एका घरामागच्या फणसाला हात लावून उभा आहे. खोड सरळ आहे, लाकूड पिवळंधमक निघेल, गलबताला चालेल. घरातली बाई दारात आली आहे आणि काहीच बोलत नाही. म्होरक्या झाडाभोवती एक फेरी मारतो, वर लटकलेल्या फणसांकडे बघतो आणि पुढे निघून जातो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल जे लिहिलं आहे ते याच दिवसांतलं. आंबा, फणस ही झाडंही आरमाराला उपयोगी आहेत, पण त्यांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन फळ द्यायचं थांबलंच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावं. राजाच्या कागदावर झाडाच्या धन्याच्या दुःखाचा विचार झालेला आहे. झाडाबद्दल इतकं समजुतीचं लिहिलेलं मराठीत फार नाही.

त्या फणसावर, उंच फांदीत, पंखांचा मोठा घसघशीत आवाज होतो. ककणेर. पिवळी चोच, चोचीवर शिंगासारखं शिरस्त्राण, काळ्यापांढऱ्या अंगाचा धनेश. एक उडतो, मागून दुसरा, मग तिसरा. पलीकडे काजऱ्याच्या झाडावर नारिंगी फळं धरली आहेत. काजऱ्याची बी म्हणजे कुचला, माणसाला विष. ककणेर ते फळ खातो आणि बी दूर कुठेतरी टाकून देतो. म्हणून काजरा या डोंगरात आहे. घरट्याच्या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. त्यासाठी ढोल पडण्याइतकं जुनं झाड लागतं. गलबताला, घराला, ककणेराला, सगळ्यांना जुनंच झाड हवं आहे, आणि ते एकच आहे.

पुढची पायरी फक्त ओलांडायची आहे, पण तिथे एका माणसाचं बोलणं ऐकून घ्या. १५६३ साल. दक्षिणेला, गोव्यात, गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक छापून बाहेर पडलं आहे. दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात त्याने या किनाऱ्यावरची औषधं आणि फळं एकेक करून लिहिली आहेत. मधेच तो हाक मारतो आणि आंतोनिया नावाची घरातली चाकर मुलगी झाडपाला, फळं आणून समोर ठेवते. आंबा आहे, फणस आहे, जांभूळ आहे. आतून लाल आणि जबर आंबट असं वर्णन करून त्याने रातांबाही लिहिला आहे. काजू त्यात नाही. गोव्यात तीस वर्षं काढलेला, बाजारातलं प्रत्येक फळ चाखणारा हा माणूस काजूबद्दल अवाक्षर लिहीत नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिश्तोवाँ दा कॉश्ता कोचीनच्या बागांत पाहिलेला काजू आपल्या पुस्तकात वर्णन करून सांगतो. या दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत कुठेतरी ब्राझीलचं ते झाड आपलं झालं. ओर्ताला मात्र ते कळलं नाही. तो १५६८ साली मेला, आणि तो मनाने ज्यूच राहिला होता असं ठरवून इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

आता चौथं वळण, आणि इथे निवांत बसायचं आहे. साल १४९०. कोलंबस अजून निघायचा आहे, वास्को द गामा यायला आठ वर्षं आहेत. तुम्ही वाडीच्या ऐन मध्यात उभे आहात. माड आहेत, पोफळी आहेत, पोफळींवर पानवेल चढलेली आहे, पाटाचं पाणी खळाळतं आहे. पहिल्या नजरेला सगळं जागच्या जागी वाटतं. मग एकेक गोष्ट खटकू लागते.

विहिरीजवळची पपई नाही. परसातला पेरू नाही. कुंपणाला लावलेली अननसाची रांग नाही. देवळापुढचा तो वाकड्या फांद्यांचा, पानं गळून फुललेला पांढरा चाफा नाही, तो मेक्सिकोकडचा. झेंडू नाही. सीताफळ नाही. उतारावर काजू नाही, म्हणजे काजूच्या बोंडांचा तो आंबूस, डोक्यात चढणारा एप्रिलचा वासही नाही. हापूस नाही, आहे तो कोयीपासून उगवलेला रायवळ, प्रत्येक झाडाची चव निराळी, आणि गावातली पोरं झाडाझाडाला त्याच्या चवीवरून ओळखतात. आणि मग तुमची नजर पडवीतल्या आढ्याकडे जाते. तिथे वाळत टाकलेली लाल मिरची नाही.

चुलीवर तवलीत बांगडा शिजतो आहे. पाट्यावर बाई ओलं खोबरं, हळद आणि मिरी वाटते आहे. शेवटी ती मूठभर हिरवी तिरफळं जरा ठेचून रशात टाकते आणि वर दोन आमसुलं. तिने पाट मांडला आहे, बसा. पहिला घास घेतलात की तिखट जिभेवर येत नाही, घशात येतं आणि तिथेच राहतं. ते मिरीचं. मग ओठ बधिर होतात, ते तिरफळाचं. मग आंबट सगळं धुऊन नेतं. हा रस्सा तुमच्या ताटातल्या रशापेक्षा परका नाही. त्यात जे आहे ते सगळं तुमच्याकडेही आहे. मिरी, तिरफळ, रातांबा हे तिन्ही याच सह्याद्रीचे आहेत. रातांबा तर पश्चिम घाटाबाहेर रानात सापडत नाही. तुमच्याकडे वरून मिरची आली आणि मिरी मागे सरली, एवढंच. तिरफळ मात्र हटलं नाही. बांगड्यात आजही तेच लागतं, त्याला पर्याय कोणी शोधलेला नाही आणि शोधूही नये.

हात धुवायला मागच्या दारी गेलात की फुलांचा वास अंगावर येईल. सुरंगी. फांदीच्या जून लाकडालाच चिकटून फुललेल्या पिवळ्या-पांढऱ्या कळ्या आणि त्यांवर मधमाश्यांचा घोंघाट. पुरती उमलायच्या आत काढली तरच तिचा गजरा होतो, म्हणून पहाटेपासून पोरं झाडावर आहेत. झेंडू नसला म्हणून देवाला काही कमी पडलेलं नाही. सुरंगी आहे, बकुळ आहे, सोनचाफा आहे, केवडा आहे. नीट बघा, या चारही फुलांना वास आहे. आपण नंतर त्यांच्या जागी जे लावलं ते टिकायला बरं, लांबून दिसायला बरं. वासाच्या बाबतीत मात्र १४९० सालच्या या परसाशी माझ्या ओळखीचं एकही परस बरोबरी करू शकत नाही.

पाचव्या वळणावर पाऊस आहे. ११९१ साल. कशेळी गाव दान दिल्याचा शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा ताम्रपट याच वर्षीचा. कनकादित्याच्या देवळाकडे माणसं लगबगीने चालली आहेत, पण तुम्ही थांबू नका, वेली तुटून पडताहेत आणि जळवा पोटऱ्यांवर चढल्या आहेत. पुढचं वळण गाठा.

तिथे इसवी सन १२० च्या सुमाराची सकाळ आहे. उत्तरेकडे नाशिकच्या लेण्यात कारागीर भिंतीवर अक्षरं खोदत आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांची ती यादी आहे, आणि त्यात किनाऱ्यावरच्या नानंगोल गावातल्या ३२,००० माडांचं दान आहे. बत्तीस हजार. एवढे माड आपोआप उगवत नाहीत. कोणीतरी ओळीने लावले, पाणी घातलं, मोजले. म्हणजे वाडी ही गोष्ट तोवर पुरती जुळून आलेली आहे. नारळ स्वतः मात्र समुद्रावरचा प्रवासी. २०११ साली जगभरच्या माडांच्या जनुकांचा जो अभ्यास झाला त्यात माणसाने माड दोन जागी आपलासा केल्याचं दिसलं, एक पॅसिफिकच्या टोकाला आणि दुसरी हिंदी महासागराच्या कडेला, दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीवच्या पट्ट्यात. पोफळ तर आग्नेय आशियातली. ज्या वाडीला आपण कोकणचा प्राण म्हणतो, ती जगभरच्या खलाशांनी आणून दिलेल्या रोपांनी सजलेली आहे. यात मला कमीपणा वाटत नाही. उलट, किनारा म्हणजे काय ते इथे कळतं.

याच्याच थोडं आधी एका ग्रीक खलाशाने पेरिप्लस नावाचं टिपण लिहिलं. त्यात चौल आहे, खालची बंदरं आहेत, आणि आतल्या मुलखाबद्दल एक ओळ आहे, ज्यात तो तिथले प्राणी मोजतो: बिबटे, वाघ, हत्ती, प्रचंड साप, तरस, नाना जातींची वानरं. व्यापाराला आलेल्या माणसाने हे टिपून ठेवलं, कारण डेकवरून त्याला तेच ऐकू येत असणार. हत्ती ऐकून नवल वाटलं? २००२ साली कर्नाटकातून हत्तींचा कळप दोडामार्गात उतरला तेव्हा आपण सगळे दचकलो. पेरिप्लस लिहिणारा दचकला नसता.

आता पाखाडी संपते. शेवटच्या चिऱ्यावर पाय ठेवा आणि एकदम दहा हजार वर्षं मागे या.

समुद्र गेला आहे. मागे वळून बघितलंत तर पुळण होती तिथे गवत आणि झाडी उतरत गेलेली आहे, आणि पाण्याची रेघ पार क्षितिजाजवळ चकाकते आहे. हिमयुग ओसरत आलं आहे, पण बर्फात अडकलेलं पुष्कळ पाणी अजून परतायचं आहे. समुद्राची पातळी तुमच्या काळापेक्षा सुमारे ४० मीटर खाली आहे. त्याच्याही दहा हजार वर्षं आधी ती १२० मीटर खाली होती. वाडी नाही, ओळीने लावलेला एकही माड नाही, गाव नाही. पाखाडीसुद्धा नाही.

आणि सडा आहे. तसाच. तुम्ही आज एसटीतून उतरलात तेव्हा पायांखाली जो खडक होता तोच, तितकाच काळपट, तितकाच उघडा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याचा हा माथा. त्यावर लक्षावधी पावसाळे कोसळले, खडकातली सिलिका आणि क्षार वाहून गेले, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि त्याचा जांभा झाला. सगळ्या चढणीवर या दहा हजार वर्षांत ज्याला काही बदलायची गरज पडली नाही असं हे एकच ठिकाण.

पाऊस नुकताच थांबला आहे. गुडघ्यांवर बसा, उभ्याने इथलं काही दिसत नाही. खडकाच्या खोलगटात बोटभर पाणी आणि नखभर माती आहे, आणि त्या मातीत निळ्या-जांभळ्या फुलांचा थर आहे. सीतेची आसवं. या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून या रोपट्याने मुळांवर भिस्त ठेवलेली नाही. पाण्याखाली त्याला बारीक पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की पिशवी त्याला आत ओढते, सेकंदाच्या हजाराव्या भागात. शेजारी दवबिंदू चिकट थेंब लावून माश्यांची वाट बघतो आहे. पांढऱ्या गेंदांची गादी आहे. कडेला दिपकाडीचे पांढरे तुरे उभे आहेत, जगात फक्त कोकण-गोव्याच्या या पट्ट्यातली. आठ महिने ती खडकाच्या फटीत कंद होऊन पडून राहते आणि पहिल्या पावसाबरोबर वर येते. खाली वाडीत जे जे आलं ते कुठून ना कुठून आलं. इथे जे आहे ते इथेच घडलं, कारण इतक्या कठीण जागी दुसरं कोणी राहायला तयार नव्हतं.

खडक थरथरतो. मान वर करा, पण उभे राहू नका. सड्याच्या टोकाला हत्ती आहेत, खोलगटांतलं पाणी प्यायला आलेले. टिटवी ओरडत त्यांच्यावरून फेऱ्या मारते आहे, तिची अंडी उघड्या खडकावरच आहेत. आणि त्यांच्या अलीकडे, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन माणसं बसली आहेत. हातात टोकदार दगड आहेत. ती हत्तींकडे बघत नाहीत, त्यांना हत्ती पाठ आहे. ती खडकावर एक रेघ खोदत आहेत. ठोका, फुंकर, ठोका. रेघ लांबच लांब चालली आहे, इतकी की एका जागेवरून ती कशाची आहे ते कळत नाही. कशेळीच्या सड्यावर हत्तीचं जे कातळशिल्प आहे ते सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या पोटात सत्तराहून जास्त आकृती आहेत: जमिनीवरची जनावरं, पक्षी, पाण्यातले जीव. कोकणातल्या इतर सड्यांवर वाघ आहेत, शार्क आणि वाघळी मासा आहे, एकशिंगी गेंडासुद्धा आहे. या माणसांनी कुठे शेती दाखवलेली नाही, वाडी दाखवलेली नाही. त्यांनी जे पाहिलं ते खोदलं. पेरिप्लसच्याही कितीतरी आधी या किनाऱ्याच्या प्राण्यांची यादी त्यांनी करून ठेवली, आणि ती करायला त्यांना सड्यापेक्षा चांगली जागा मिळाली नाही.

परत यायचं तर पाखाडी उतरायची गरज नाही. जिथे बसला आहात तिथेच बसून राहा, खडक तोच आहे. फक्त मे महिन्यात परत येऊ नका, जुलैत या.

जुलै, तुमचं स्वतःचं वर्ष. तीच आसवं, तेच गेंद, गुडघ्यांखाली तोच ओलावा. हत्ती रेघांमध्ये उरला आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही चित्रं माती झटकून उजेडात आणली. २०२२ साली कोकण-गोव्यातल्या अशा नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेल्या. चित्रांना नाव मिळालं. ज्या खडकावर ती आहेत त्याला सातबारावर आजही एकच नाव आहे: पोटखराबा. लागवडीला अयोग्य. पलीकडे सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे काढले आहेत आणि खालून डंपरने माती आणून त्यांत भरली आहे. त्या मातीबरोबर रानमोडीचं बी वर आलं आहे. रोपं आत्ताच वीतभर आहेत. सुटे दगड वेचून बागेला गडगा घातला आहे. त्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक लहानशी पाल राहते, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांशिवाय कुठे नाही. तिची शास्त्रात नोंद व्हायला १९६३ साल उजाडलं.

छत्री टेकत जमिनीचे मालक तुमच्याकडे येतात. सत्तरी ओलांडलेले, पायात रबरी चपला. चिरेखाणवाल्याने त्यांना भाव सांगितला आहे, एकरकमी, आणि बारावीला असलेल्या नातीच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे. त्यांचं काही चुकत नाही.

“खडकावर बसून काय बघताय?” ते विचारतात. “हितं काय पिकतंय?”

“काका, जरा खाली बसा,” तुम्ही म्हणता. “ही निळी फुलं बघा आधी. ही पाण्यातले किडे खातात. आणि तो दगड उचलू नका, थांबा, मी उचलतो. दिसली? बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा. आता त्या कडेला चला, तिथे सोंड आहे. सोंडेपासून सुरुवात केली म्हणजे सगळा हत्ती नीट कळतो.”